परक्या विमानतळावरील पहिला तास

पूर्वीं आपल्याकडील एखादा विद्यार्थी विलायतेस निघाला म्हणजे त्यास पोंचविण्यासाठीं मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर सारें गणगोत लोटत असे. बोटीचा प्रवास दोन-अडीच आठवड्यांचा असे. तेवढ्या अवधींत त्याची चार सहप्रवाशांशीं ओळख होई, परक्या नाण्यांचा हिशेब त्यास समजे, आणि उतरल्यावर काय करावयाचें ह्याचा विचार करण्यास भरपूर फुरसत मिळे. आतां तसें राहिलें नाहीं. रात्रीं आईच्या हातचा वरणभात जेवून निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशीं लंडन किंवा न्यूयॉर्क येथें उतरतो. शरीर पोंचतें, मन मात्र अद्याप घरच्या उंबरठ्यावरच असतें. अशा स्थितींत परदेशांतील जो पहिला मनुष्य त्याच्याशीं आपण होऊन बोलावयास येतो, तो बहुधा कोणी प्राध्यापक नसतो, नातलगही नसतो; ‘टॅक्सी पाहिजे काय?’ असें विचारणारा एक अनोळखी इसम असतो.

ह्या पहिल्या भेटीविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले कित्येक विद्यार्थी शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जातात. त्यांच्या मागून एक-दोन वर्षांनीं त्यांचे आईबाप, विशेषतः लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्तानें, एकटेदुकटे तोच प्रवास करितात. पुष्कळशीं कुटुंबें अलीकडे सुटींत थायलंड, दुबई किंवा सिंगापूर पाहून येतात. ह्या सर्वांस हा लेख उपयोगीं पडावा अशी आमची इच्छा आहे. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण खरी ठरावयाची, तर पुढच्यानें आपली ठेच लपवून ठेवितां कामा नये. म्हणून आरंभीं आमचीच ठेच सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही पूर्वेकडील एका मोठ्या शहरीं रात्रीं अकराच्या सुमारास उतरलों. सामान घेऊन बाहेरच्या दालनांत येतों न येतों तोंच स्वच्छ पांढरा सदरा घातलेला एक गृहस्थ पुढें झाला. त्याच्या गळ्यांत फितीला लाविलेलें एक ओळखपत्र लोंबत होतें. ‘अधिकृत टॅक्सी’ असें म्हणून त्यानें आमच्या सामानाची ढकलगाडी हातीं घेतली. आम्हीं भाडें विचारिलें, तेव्हां त्यानें निरनिराळ्या ठिकाणांचे दर छापलेला एक गुळगुळीत तक्ता दाखविला. छापलेलें तें खरेंच असणार, असें आम्हांस वाटलें. तो आम्हांस मोटारी उभ्या करण्याच्या जागेंत घेऊन गेला. तेथें मीटर नसलेली एक साधी खाजगी मोटार होती. वाटेंत त्यानें रस्त्याच्या टोलचे पैसे वेगळे मागितले; मुक्कामीं पोंचल्यावर पेट्यांचे आणखी वेगळे मागितले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हॉटेलच्या कारकुनाकडून समजलें कीं, आम्हीं योग्य भाड्याच्या चौपट रक्कम दिली होती.

पैसे गेले ह्याचें दुःख झालेंच. पण त्याहून अधिक लागलें तें निराळेंच. परवानाधारक टॅक्सींची रांग आमच्यापासून वीस पावलांवर उभी होती. ती आम्हांस दिसत होती. तरीही ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द आमच्या तोंडून निघाला नाहीं. ढकलगाडी त्याच्या हातीं गेली होती. ती परत मागणें आम्हांस असभ्यपणाचें वाटलें. पुढें घरीं परतल्यावर लाजेस्तव ही गोष्ट आम्हीं कोणास सांगितली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं आमच्या परिचयांतील एक वृद्ध दांपत्य त्याच शहरीं गेलें आणि त्याच रीतीनें नागवलें गेलें. आमच्या मौनाची किंमत त्यांनीं भरली. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच होय.

आतां असा प्रश्न उद्भवतो कीं, ही लबाडी नेमकी विमानतळावरच इतकी कां फोफावते? पेठेंतील वाणी आपल्या नित्याच्या गिऱ्हाइकास सहसा फसवीत नाहीं. कारण तें गिऱ्हाईक उद्यां पुन्हां यावयाचें असतें, आणि न आल्यास नुकसान वाण्याचेंच होतें. विमानतळावर उतरलेला परका प्रवासी त्या चालकास जन्मांत पुन्हां भेटणार नसतो. प्रवाशास रस्ता ठाऊक नसतो, अंतर ठाऊक नसतें, भाषा येत नसते. हातांतील नोटा नव्या असतात, आणि त्यांची रुपयांत किंमत किती हें चटकन् काढतां येत नाहीं. त्यांतून रात्रभर झोप नसते, बरोबर दोन जड पेट्या असतात, आणि कधीं एकदां मुक्कामीं पोंचतों असें होऊन गेलेलें असतें. लबाड मनुष्य अशा प्रवाशास केवळ मोटारीची जागा विकीत नाहीं. तो त्यास ‘आतां तुमची काळजी मिटली’ हें समाधान विकतो, आणि त्याचीच अवाच्या सवा किंमत घेतो. ह्यावरून उपायही सुचतो. काळजी जर घरूनच मिटवून निघालें, तर त्याच्यापाशीं विकण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

गाडीवाला आणि उतारू ह्यांच्यामधील भाड्याचा तंटा आजचा नव्हे. तो घोड्यांच्या गाड्यांइतका जुना आहे. तो मिटावा म्हणूनच मीटर निघाला. जर्मनींतील फ्रीड्रिख ब्रून ह्यानें इ. स. १८९१ मध्यें आधुनिक टॅक्सीमीटर तयार केला असें मानितात. ‘टाक्सा’ म्हणजे आकार अथवा दर, आणि ‘मीटर’ म्हणजे मापक. ह्या यंत्राच्या नांवाचा अर्धा तुकडा पुढें गाडीस मिळाला आणि ती ‘टॅक्सी’ झाली. अर्थात् शब्दाच्या मूळ अर्थानें पाहतां, जींत मीटर नाहीं व जिला सरकारनें ठरविलेला दरही नाहीं, ती गाडी टॅक्सी नव्हेच. एवढें ध्यानांत ठेविलें तरी अर्धें काम झालें. कारण पुढें सांगितलेल्या बहुतेक युक्त्या मीटर टाळण्याच्या, किंवा मीटरप्रमाणें पैसे मोजतांना डोळ्यांत धूळ फेंकण्याच्या आहेत.

पहिली युक्ति हांक मारण्याची. परवानाधारक चालक बहुधा आपल्या रांगेंत, आपल्या गाडीपाशीं उभा असतो. रांग सोडून आंत येऊन गिऱ्हाइकें गोळा करण्याचें त्यास कारण नसतें. यास्तव आगमनाच्या दालनांत जो स्वतः होऊन आपणांकडे येतो, त्याच्याबरोबर जावयाचें नाहीं, हा एकच नियम पाळिला तरी बहुतेक संकटें टळतात. त्याच्या गळ्यांतील ओळखपत्र, हातांतील तक्ता, अंगावरील स्वच्छ कपडे ह्यांपैकीं कशासही पुरावा समजूं नये. कधीं कधीं तो ‘तुमच्या हॉटेलनें मला पाठविलें आहे’ असें सांगतो. अशा वेळीं आपलें नांव आपण न सांगतां ‘तुम्ही कोणास न्यावयास आलां आहां?’ असें त्यासच विचारावें. खऱ्या मनुष्यास नांव ठाऊक असतें; खोट्यास तें आपल्या तोंडून ऐकावयाचें असतें.

दुसरी युक्ति मीटर नाकारण्याची. ‘मीटर बिघडला आहे’, ‘रात्रीं मीटर चालत नाहीं’, ‘पाऊस आहे, आज ठोक भाडें’ अशीं कारणें सांगण्यांत येतात. मीटर बिघडला असेल तर ती गाडी आपली नव्हे, असें समजून सामान आंत ठेवण्यापूर्वींच दूर व्हावें. मीटर चालू असला तरी तो कसा वाचावा हेंही समजलें पाहिजे. व्हिएतनामच्या चलनांत आंकडे इतके मोठे असतात कीं, तेथील पुष्कळ मीटरांवर शेवटचीं तीन शून्यें दाखवीतच नाहींत. हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या मनाचा प्रथमच गोंधळ उडतो आणि गोंधळलेल्याकडून हवी ती रक्कम उकळतां येते.

तिसरी युक्ति बोलींतील संदिग्धपणाची. भाडें ‘तीस’ ठरलें; पण तीस काय? तेथील चलन कीं अमेरिकन डॉलर? सर्व गाडीचे कीं प्रत्येक माणसाचे? टोल धरून कीं टोल सोडून? बोली अपुरी राहिली कीं तिचा अर्थ उतरतांना चालक आपल्या सोयीनें लावितो. म्हणून जेथें भाडें आधीं ठरविण्याचीच चाल असेल, तेथें तें कागदावर आंकड्यांत लिहून, चलनाचें नांव लिहून, एकवार त्याच्यापुढें धरावें.

चौथी युक्ति दिशाभूल करण्याची. ‘तुम्ही सांगतां तें हॉटेल बंद पडलें आहे, तिकडचा रस्ता अडविला आहे, मी तुम्हांस चांगल्या ठिकाणीं नेतों’ असें चालक मोठ्या कळकळीनें सांगतो. त्या ‘चांगल्या ठिकाणा’कडून त्यास दलाली मिळावयाची असते. ‘माझी तेथें आगाऊ नोंदणी झाली आहे, तेथेंच चला’ हें उत्तर पुरेसें होतें.

पांचवी युक्ति नोट बदलण्याची. ही फार चपळाईची असते. प्रवासी मोठी नोट देतो. चालक क्षणभर हात खालीं नेतो, आणि लहान नोट वर करून ‘तुम्ही एवढेच दिले’ असें म्हणतो. तुर्कस्तानांत पांच लिराची व पन्नास लिराची नोट दिसण्यांत इतकी सारखी होती कीं, घोटाळा टाळण्यासाठीं इ. स. २०१३ मध्यें पांचाच्या नोटेचा रंग बदलून जांभळा करण्यांत आला. व्हिएतनामांत वीस हजार आणि पांच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर रंगाच्या आहेत. ह्यावर उपाय सोपा आहे. उतरण्यापूर्वींच सुटे पैसे वेगळे काढून ठेवावे, गाडींतील दिवा लावण्यास सांगावें, आणि एकेक नोट मोठ्यानें मोजून हातांत द्यावी.

सहावी युक्ति नव्या काळाची आहे. मोबाइलवरून गाडी बोलाविण्याची सोय झाल्यापासून भाडें आधींच कळतें, गाडीचा क्रमांक कळतो, आणि पुष्कळशी लबाडी टळते हें खरें. उबर अनेक देशांत आहे. थायलंड, व्हिएतनाम, सिंगापूर इकडे ग्रॅबचा प्रघात आहे. परंतु गर्दींत ‘तुमचीच गाडी’ असें म्हणत दुसराच मनुष्य पुढें येतो. म्हणून मोबाइलवरील क्रमांक व गाडीवरील क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा. चालकानें ‘ही मागणी रद्द करा आणि मला रोख द्या’ असें सुचविल्यास मान्य करूं नये. कारण मागणी रद्द होतांच त्या प्रवासाची नोंद व ठरलेलें भाडें हीं दोन्ही नाहींशीं होतात. कार्डानें पैसे देतांना यंत्र कधीं विचारतें, ‘रुपयांत कीं स्थानिक चलनांत?’ रुपये ओळखीचे म्हणून आपण तिकडेच बोट लावितों. पण त्यांत रूपांतराचा दर बहुधा आपल्या तोट्याचा असतो. स्थानिक चलनच निवडावें.

एवढें वाचून कोणास वाटेल कीं, फसतात ते भोळेभाबडेच फसतात. तसें नाहीं. राजे वेष पालटून नगरांत हिंडत, अशा कथा आपण लहानपणीं ऐकिल्या आहेत. इ. स. २००५ च्या जानेवारींत असा प्रकार प्रत्यक्ष घडला. चेक देशाची राजधानी प्राग येथील टॅक्सींची मोठी अपकीर्ति झाली होती. तेव्हां तेथील महापौर पावेल बेम हे इटालियन प्रवाशाचा वेष घेऊन आपल्याच शहरांत टॅक्सींत बसले. उतरतांना त्यांच्याकडून योग्य भाड्याच्या सुमारें सहापट रक्कम घेण्यांत आली. शहराचा कारभार ज्यांच्या हातीं, त्यांसही केवळ परके दिसल्यामुळें हा अनुभव आला! तेव्हां फसणें हें मूर्खपणाचें लक्षण नव्हे. तें परकेपणाचें फळ आहे, आणि परके आपण सर्वच कोठें ना कोठें असतों.

ह्या लबाडीस आळा घालण्यासाठीं निरनिराळ्या शहरांनीं ज्या व्यवस्था केल्या आहेत, त्या प्रवाशानें जाणून घ्याव्या. पॅरिस येथें इ. स. २०१६ पासून शार्ल द गॉल विमानतळ ते शहर असा ठोक दर आहे. सेन नदीच्या उजव्या तीरास एक दर आणि डाव्या तीरास दुसरा. आरंभीं ते अनुक्रमें ५० व ५५ युरो होते. पुढें ते वाढत गेले आहेत. रस्त्यावर गर्दी असो वा नसो, रक्कम तीच. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापासून मॅनहॅटनपर्यंत पिवळ्या टॅक्सीचा ठोक दर डिसेंबर २०२२ मध्यें ७० डॉलर करण्यांत आला. टोल, कांहीं अधिभार आणि बक्षिसी वेगळी. परंतु हा दर मॅनहॅटनपुरताच आहे. आपल्याकडील पुष्कळ मंडळी न्यू जर्सींत राहतात. केनेडी विमानतळावरून तिकडे जावयाचें तर, न्यूअर्कचा विमानतळ वगळतां, भाडें निघण्यापूर्वीं ठरवावें लागतें. ‘ठोक दर आहे म्हणे’ एवढ्या ऐकीव माहितीवर तेथें विसंबून चालत नाहीं.

रोम येथील व्यवस्था मोठी मौजेची आहे. तेथें फ्युमिचीनो विमानतळापासून ऑरेलियन तटाच्या आंतील कोणत्याही ठिकाणापर्यंत ठोक दर आहे. हा तट ऑरेलियन बादशहाच्या काळीं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत, शत्रूस थोपविण्यासाठीं बांधण्यास घेतला. आज तो टॅक्सीवाल्याच्या लोभास थोपवीत आहे. लंडन येथें काळ्या टॅक्सीच्या चालकास शहराच्या मध्यभागापासून सहा मैलांच्या आंतील सुमारें २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. तेथील दुसऱ्या प्रकारच्या खाजगी भाडोत्री मोटारी आगाऊ बोलावूनच घ्याव्या लागतात. दालनांत येऊन गिऱ्हाईक गांठणें हा तेथें १९९४ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. म्हणजे जो आपणांस हांक मारतो, तो त्याच क्षणीं कायदा मोडीत असतो.

दुबईच्या विमानतळावर सरकारी नियंत्रणाखालील फिकट मातकट रंगाच्या टॅक्सी मिळतात. गुलाबी छताच्या टॅक्सी स्त्रिया चालवितात आणि त्या स्त्रियांसाठीं व कुटुंबांसाठीं असतात. एकट्या जाणाऱ्या आईस वा बहिणीस हें सांगून ठेवण्यासारखें आहे. बँकॉकच्या सुवर्णभूमि विमानतळावर टॅक्सीचा तळ आगमनाच्या मजल्याच्या खालच्या मजल्यावर आहे. तेथें यंत्रांतून एक चिठ्ठी निघते, तिच्यावर रांगेचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकापाशीं उभ्या असलेल्या टॅक्सींत बसावयाचें असतें. मीटरवरील रक्कम, विमानतळाचा ठरीव अधिभार, आणि उन्नत मार्गानें गेल्यास त्याचा टोल, हें देणें असतें. चिठ्ठी चालक मागूं लागला तरी आपल्यापाशींच ठेवावी. तक्रार करावयाची झाल्यास तोच पुरावा. तेथील पर्यटक-पोलिसांचा दूरध्वनि क्रमांक ११५५ हा आहे.

आतां घरून निघण्यापूर्वींची तयारी सांगतों. मुलानें वा मुलीनें एक साधा कागद घ्यावा आणि आईवडिलांच्या समोर बसून त्यावर पुढील गोष्टी स्वतःच्या हातानें लिहाव्या : मुक्कामाचा पत्ता इंग्रजींत आणि शक्य तर त्या देशाच्या लिपींत, विमानतळापासूनचें अंतर, विमानतळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेलें टॅक्सीचें भाडें व टॅक्सीच्या तळाची जागा, त्या रकमेचे रुपये, न्यावयास येणाऱ्याचा अथवा वसतिगृहाचा दूरध्वनि क्रमांक, आणि आगगाडीची सोय असल्यास तिची शेवटची वेळ. हें सर्व मोबाइलमध्यें आहे, मग कागद कशाला, असें मुलें विचारतील. मोबाइलची बॅटरी संपते. कागदाची संपत नाहीं. शिवाय हातानें लिहिलेलें ध्यानांत राहतें, आणि ज्यास भाडें तोंडपाठ आहे तो ‘किती घेणार?’ असें विचारीत नाहीं. तो प्रश्नच लबाडास आमंत्रण देणारा असतो.

विमान उतरल्यावर पहिलीं दहा मिनिटें कोठेंही जावयाचें नाहीं. सामान घेतल्यानंतर एका बाजूस बसावें, पाणी प्यावें, विमानतळावरील मोफत वायफाय लावून ‘पोंचलों’ असें घरीं कळवावें, थोडें चलन सुट्या नोटांत घ्यावें, आणि कागद पुन्हां एकदां वाचावा. ह्या दहा मिनिटांत थकवा अर्धा उतरतो आणि घाई सगळी उतरते. मग भिंतीवरील टॅक्सीची पाटी पाहत सरळ तळाकडे चालूं लागावें. ढकलगाडीवरील आपला हात कोणासही काढूं देऊं नये. वाटेंत कोणी बोलाविल्यास न थांबतां ‘नो, थँक यू’ एवढेंच म्हणावें. ज्या आजीआजोबांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनीं ठणठणीत मराठींत ‘नको’ म्हटलें तरी चालतें; चालणारा मनुष्य थांबला नाहीं कीं त्याचा अर्थ सर्व भाषांत सारखाच होतो. हा शब्द घरीं मुलांकडून दोन-चार वेळां म्हणवून घ्यावा, अशी पालकांस आमची सूचना आहे. आपण मुलांस ‘हो’ म्हणण्याचें वळण फार लावितों. ‘नको’ म्हणण्याचें वळण लावावयास विसरतों.

गाडींत बसण्यापूर्वीं तिच्या क्रमांकाचें छायाचित्र घेऊन तें घरीं पाठवावें. पारपत्र, पैसे व औषधें असलेली पिशवी मांडीवरच ठेवावी. मागच्या कप्प्यांत कधींही नाहीं. मीटर आरंभींच्या आंकड्यावर आहे ना हें पाहावें. मोबाइलवर नकाशा चालू ठेवावा. मुक्कामीं पोंचल्यावर आधीं सामान बाहेर, मग पैसे, आणि शेवटीं पावती, असा क्रम ठेवावा. पावतीचा आणखी एक उपयोग असा कीं, गाडींत कांहीं विसरल्यास तीवरून गाडी शोधतां येते.

इतकें करूनही कोणी अडविलें तर? रस्त्यांत, रात्रीं, एकट्यानें भांडूं नये. दारापर्यंत पोंचावें, आणि हॉटेलच्या वा वसतिगृहाच्या माणसास बाहेर बोलावून त्याच्यासमक्ष हिशेब करावा. पुष्कळदां साक्षीदार दिसतांच रक्कम उतरते. धोका वाटला तर पैसे देऊन मोकळें व्हावें. पैसा पुन्हां मिळतो. मात्र दुसऱ्या दिवशीं तक्रार अवश्य करावी. इ. स. २०१८ मध्यें पॅरिस येथें थायलंडच्या एका दांपत्याकडे खोट्या टॅक्सीच्या चालकानें २४७ युरो मागितले. त्यांनीं त्या प्रसंगाचें चित्रण करून ठेविलें होतें. तें सर्वत्र पोंचलें, चालक सांपडला, आणि त्यास आठ महिन्यांची कैद झाली. त्या दोघांनीं लाजून मौन धरिलें असतें, तर तो मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच दालनांत उभा राहिला असता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हें सर्व वाचून प्रत्येक चालकास चोर समजूं नये. रांगेंत तासन्‌तास उभा राहणारा प्रामाणिक चालक हा ह्या लबाडांचा पहिला बळी असतो. त्याचें हक्काचें गिऱ्हाईक ते पळवितात. तसेंच महाग म्हणजे लबाडी नव्हे. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून सुमारें ६० किलोमीटर दूर आहे. तेथील टॅक्सीचें भाडें वीस हजार येनच्या वर जातें, आणि तें पूर्णपणें प्रामाणिक असतें. अशा ठिकाणीं आगगाडीनें जावें, म्हणजे लहानशा अंशांत काम भागतें. लंडन, पॅरिस, बँकॉक, सिंगापूर येथेंही विमानतळापासून शहरापर्यंत आगगाडीची चांगली सोय आहे. एक पेटी घेऊन दिवसा उतरणाऱ्या तरुणास तीच बरी. दोन पेट्या आणि गुडघेदुखी बरोबर असलेल्या आजीस टॅक्सीच बरी.

शेवटीं आपल्या घरचें पाहूं. मुंबईच्या विमानतळावर आगाऊ पैसे भरून टॅक्सी घेण्याची खिडकी कशासाठीं आहे, हें आपण जाणतों. आपल्या स्टेशनावर वा एस. टी. स्टँडवर रात्रीं एखादा खेडूत औषधपाण्यासाठीं माणूस घेऊन उतरतो, त्याला घेरून ‘चला, सोडतों’ म्हणणारे आणि दोन मैलांस दहा मैलांचे पैसे घेणारे आपल्यांतही आहेत. तो खेडूत त्या क्षणीं तितकाच परका असतो, जितके आम्ही त्या रात्रीं होतों. अशा वेळीं पुढें होऊन ‘बाबा, रिक्षांची रांग त्या बाजूस आहे, इस्पितळापर्यंत इतकेच पैसे होतात’ एवढें एक वाक्य आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यानें सांगावें. आम्हांस परदेशीं त्या रात्रीं नेमकें एवढेंच वाक्य सांगणारा कोणी हवा होता.